आयर्लंड: श्रद्धा उरली, हुकमत सरली

पोप जॉन पॉल दुसरे 1979 मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक जमले होते. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम 34 लाख. घटस्फोटाला राज्यघटनेनेच बंदी होती आणि गर्भनिरोधके विकणे गुन्हा होता. त्याच आयर्लंडने 2015 मध्ये समलिंगी विवाहाला आणि 2018 मध्ये गर्भपाताला सार्वमताने वाट मोकळी करून दिली. यावरून आयरिश माणसाने धर्म सोडला, असे म्हणणे घाईचे ठरेल. 2022 च्या जनगणनेत 69 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटले आहे आणि गर्भपातबंदी उठवायला 66 टक्के मते पडली होती. म्हणजे बंदीविरुद्ध मत देणाऱ्यांत कॅथलिकही मोठ्या संख्येने होते. त्यांनी देव नाकारला नाही; कायदा ठरवण्याचा चर्चचा अधिकार नाकारला.

यावर एक आक्षेप येतो: पाद्र्यांनी केलेले बालकांचे लैंगिक शोषण उघड झाले, लोक चिडले, एवढीच ही गोष्ट आहे. या शोषणाच्या चौकशीच्या 2009 मधील रायन आणि मर्फी अहवालांनी चर्चची अब्रू पार धुळीला मिळवली, हे खरेच. पण कॅथलिक चर्चचे 'विशेष स्थान' घटनेतून वगळण्याचा कौल 1972 चा आहे आणि घटस्फोटाला निसटती का होईना, मंजुरी मिळाली 1995 मध्ये. शिक्षण आणि शहरी नोकऱ्यांमुळे, विशेषतः स्त्रियांच्या आयुष्यात, पाद्र्याच्या शब्दाचे वजन आधीच घटत चालले होते. अहवालांनी त्या बदलाला वेग दिला; पुढे एका मृत्यूनेही. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवर यांचा 2012 मध्ये गॉलवे येथे मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे कळूनही, त्याचे ठोके चालू आहेत म्हणून त्यांना गर्भपात नाकारला गेला होता. गर्भपात रोखणाऱ्या घटनेतल्या कलमाची किंमत त्या मृत्यूने देशासमोर मांडली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रार्थनेला न जाणारा कॅथलिक नावापुरताच, मग 69 टक्क्यांना अर्थ काय? पण नावापुरत्या धर्माचीही पकड असते. सरकारी अनुदानावरच्या दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा आजही कॅथलिक व्यवस्थापनाखाली आहेत. प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला त्यांना मनाई झाली ती 2018 च्या कायद्याने. मतपेटीत चर्चला नकार देणे एका दिवसाचे काम होते. शाळा दुसऱ्याकडे सोपवायची तर जमीन, इमारत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची संमती लागते. आयर्लंड किती बदलला, याचा हिशेब म्हणून प्रार्थनेच्या उपस्थितीपेक्षा या शाळांच्या मालकीवरून लावावा लागेल.