विश्लेषण : जुन्या आलिशान मोटारीचे इंजिन कुरकुरू लागले, तर दोष नेमका शोधायचा कसा?

दहा-बारा वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडी आज एखाद्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. २०१२ मध्ये भारतात आलेल्या ‘३२० डी’ची सुरुवातीची किंमत २९ लाख रुपयांच्या आसपास होती, त्याच पिढीतील गाड्या आता मध्यमवर्गीय खरेदीदाराच्या आवाक्यात आल्या आहेत. अडचण सुरू होते ती गाडी दारात आल्यानंतर काही महिन्यांनी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, पिकअप कमी होतो, गॅरेजमधून अंदाजपत्रक येते आणि त्यावरचा आकडा गाडीच्या खरेदी किमतीच्या निम्म्यावर गेलेला असतो. अनेकदा या खर्चातील मोठा भाग बिघाडाचा नसतो, तर चुकीच्या निदानाचा असतो.

या गाड्या इतक्या स्वस्त का मिळतात?

महागड्या गाड्यांची किंमत पहिल्या पाच-सहा वर्षांत वेगाने घसरते. त्यात दिल्ली परिसराची भर पडली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तेथे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अंमलबजावणीत पुढे चढउतार होत राहिले, पण मालकांच्या मनातली धास्ती टिकली आणि ‘डीएल’ पाटीच्या डिझेल गाड्या इतर राज्यांत कमी भावाने जाऊ लागल्या.

मात्र घसरते ती गाडीची किंमत, सुट्या भागांची नाही. टर्बो, इंजेक्टर किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा दर ३०-४० लाखांच्या गाडीच्या हिशेबानेच राहतो. त्यामुळे एक भाग उगाच बदलला, तर त्याची झळ साध्या गाडीच्या कितीतरी पट बसते.

‘चेक इंजिन’चा दिवा नेमके काय सांगतो?

दिवा लागला की इंजिनाच्या कंट्रोल युनिटने एक कोड नोंदवलेला असतो. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून तो वाचता येतो. गैरसमज इथेच होतो. कोड म्हणजे तक्रार, कारण नव्हे. उदाहरणार्थ ‘पी०१७१’ हा कोड इतकेच सांगतो की, इंजिनात हवेच्या प्रमाणात पेट्रोल कमी पडत आहे. ही माहिती ऑक्सिजन सेन्सरकडून आलेली असल्याने अनेक ठिकाणी पहिल्यांदा सेन्सरच बदलला जातो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. कारण सेन्सर खरेच बोलत होता. हवा कुठून तरी चोरवाटेने आत शिरत होती : तडकलेल्या ब्रीदर पाइपमधून, इनटेक मॅनिफोल्डच्या कडक झालेल्या गॅस्केटमधून किंवा इंजिन कव्हरमधल्या फाटलेल्या पडद्यातून. किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला होता. किंवा पेट्रोल पंपाचा दाब उतरला होता.

यातले कोणते, हे कोड सांगत नाही. इंजिन चालू असतानाचे आकडे सांगतात. कंट्रोल युनिट मिश्रण सावरण्यासाठी किती टक्के पेट्रोल वाढवते किंवा घटवते, हे स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसते. गाडी जागेवर उभी असताना हा आकडा खूप वाढलेला असेल आणि वेग वाढवल्यावर खाली येत असेल, तर बहुधा हवागळती आहे. उलट जागेवर ठीक आणि जोर दिल्यावर वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवेचा सेन्सर तपासायचा. हे पाहायला पाच मिनिटे लागतात. त्यानंतर इनटेकमध्ये धूर सोडणारे यंत्र लावले, की तडा कुठे आहे हे डोळ्यांना दिसते.

बाजारात हजार-दीड हजारात मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर सर्वसाधारण कोड वाचतो, पण या गाड्यांतील बरीचशी माहिती कंपनीच्या प्रणालीतच उघडते. बीएमडब्ल्यूसाठी ‘इस्टा’, मर्सिडीजसाठी ‘झेन्ट्री’, ऑडी-स्कोडा-फोक्सवॅगनसाठी ‘ओडिस’. स्वतंत्र गॅरेज निवडताना त्यांच्याकडे यातले काय आहे, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

खरेदीपूर्वी स्कॅनर कशासाठी लावायचा?

‘एकही कोड नाही’ या विक्रेत्याच्या वाक्याला फारसा अर्थ नसतो. कोड दोन मिनिटांत पुसता येतात. पण पुसल्याची खूण मागे राहते. गाडी स्वतःच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणांच्या चाचण्या चालवत असते आणि कोड पुसले की या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसू लागतात. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बऱ्याच गाड्यांत वाचता येते. तो आकडा १२ किंवा २० असेल, तर सकाळीच कोणीतरी दिवा विझवला आहे. काही मॉडेलमध्ये एकूण किलोमीटरची नोंद एकापेक्षा जास्त कंट्रोल युनिटमध्ये असते, त्यामुळे मीटर मागे फिरवल्याचाही पत्ता लागतो.

शोध कुठून सुरू करावा?

बॅटरीपासून. जुनी बॅटरी इंजिन सुरू होताना इतकी खाली जाते, की निरनिराळी कंट्रोल युनिट खोटे कोड नोंदवू लागतात. बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसले नाहीत, तर पुढची तपासणी व्यर्थ आहे. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद संगणकात करावी लागते. ती न केल्यास चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहते.

दुसरे, उंदीर. हसण्यासारखी गोष्ट नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीतील वायरिंग कुरतडले जाणे हे आपल्याकडचे नेहमीचे दुखणे आहे. इंजेक्टरची एक वायर तुटली, तरी लक्षणे इंजेक्टर बिघडल्यासारखीच दिसतात. तिसरे, झाडाखालचे पार्किंग. पुढच्या काचेखालच्या खोबणीत पालापाचोळा साचतो, पाणी वाहून नेणारी भोके बुजतात आणि पावसाळ्यात ते पाणी काही मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक बॉक्सपर्यंत पोहोचते. ती भोके पावसाळ्यापूर्वी साफ करायला काहीच खर्च येत नाही. बुडालेल्या कंट्रोल युनिटचा खर्च मात्र लाखाच्या भाषेत बोलतो.

इंजिन न खोलता आतले कसे कळते?

गाडी ‘मिसिंग’ करत असेल, तर सर्वांत जुनी युक्ती आजही सर्वांत चांगली आहे. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची. कोड ‘पी०३०३’ झाला, तर दोष कॉइलचा. कोड जागेवरच राहिला, तर स्पार्क प्लग, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन. सिलिंडरमधील कॉम्प्रेशन मोजताना एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातील फरक महत्त्वाचा असतो; १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत चिंतेची. पुढची पायरी म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते हे ऐकणे. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. डिझेल गाडीत इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल बाटल्यांत मोजतात. ज्याची बाटली भराभर भरते, तो इंजेक्टर झिजलेला. या चाचण्या न करता ‘हेड उतरवून बघू’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणलेली बरी.

टायमिंग चेनची एवढी भीती का?

बीएमडब्ल्यूचे ‘एन४७’ हे दोन लिटरचे डिझेल इंजिन २००७ पासून जगभर लाखो गाड्यांत बसले. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे आहे. सुरुवातीच्या वर्षांतील इंजिनांत ही चेन आणि तिचे प्लास्टिक गाइड अकाली झिजल्याच्या तक्रारी आल्या. चेन तुटली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन तिथेच संपते. सुटा भाग फार महाग नाही. पण तिथपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स किंवा इंजिनच खाली उतरवावे लागते. बिलात मजुरी मोठी असते ती यामुळे.

या झिजेचा कोड बराच काळ येत नाही, आवाज आधी येतो. थंड इंजिन सुरू केल्यावर किंवा साधारण १५०० आरपीएमजवळ, मागच्या बाजूने घासल्यासारखा, खरखरीत. गाडी पाहायला जाताना म्हणूनच विक्रेत्याला इंजिन आधी गरम करू देऊ नये. मर्सिडीजच्या ‘एम२७२’ या व्ही-६ पेट्रोल इंजिनाच्या २००६ पर्यंतच्या आवृत्तीतील बॅलन्स शाफ्टच्या दातेरी चक्राचीही अशीच कहाणी आहे. चक्र तळहातावर मावेल एवढे, पण ते बदलायला इंजिन बाहेर काढावे लागते.

ऑइल बदलाचे लांबवलेले अंतर ही झीज वाढवते. दिल्लीची धूळ, मुंबईची रांगती वाहतूक यांत इंजिन चालते जास्त, गाडी सरकते कमी. म्हणून जाणकार मेकॅनिक संगणकाने दाखवलेल्या किलोमीटरची वाट न पाहता ८-१० हजारांवर ऑइल बदलतात. तेही कंपनीच्या मानकाचे, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या अशा डिझेलसाठी ‘एलएल-०४’, मर्सिडीजसाठी ‘२२९.५१’.

कूलंट कमी होत असेल तर?

ही तक्रार ‘थोडे पाणी टाका’ म्हणून सोडून देण्याची नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या, प्रामुख्याने ‘५२० डी’ या डिझेल गाड्यांना लागोपाठ आगी लागल्या. एक्झॉस्ट वायू थंड करून पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर यंत्रणेच्या कूलरमधून कूलंट झिरपत होते. ते काजळी आणि तेलाच्या थरांत मिसळून ज्वलनशील बनले आणि गरम वायूने पेटले. तपासणी न झालेल्या गाड्या रस्त्यावर आणण्यास तेथील सरकारने बंदी घातली आणि त्याच वर्षी कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या. जुनी गाडी घेताना तिच्या चासी क्रमांकावर असा ‘रिकॉल’ शिल्लक आहे का, हे कंपनीच्या सेवा केंद्रात विचारता येते. शिल्लक असल्यास ते काम मोफत होते, मालक दुसरा असो वा चौथा.

बाहेर थेंबही न गळता कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. त्यासाठी निळ्या द्रवाची साधी चाचणी आहे. कूलंटच्या टाकीतील हवेत ज्वलनाचा वायू असेल, तर द्रव पिवळा पडतो. आणि तापमानाचा लाल इशारा आल्यावर ‘घर जवळच आहे’ म्हणून चालवलेले दोन किलोमीटर ॲल्युमिनियमचे हेड वाकवायला पुरतात.

‘ई-२०’ पेट्रोलचा यात काही हात आहे का?

काही प्रमाणात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्या २० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागते आणि निरोगी इंजिनाचाही फ्युएल ट्रिम काही टक्के वर राहतो. हे लक्षात न घेता ट्रिमचा आकडा वाचला, तर नसलेली हवागळती शोधत बसण्याची वेळ येते. जुन्या रबरी नळ्या आणि सील मात्र खरोखर तपासावेत.

दुरुस्ती करायची की गाडी विकायची?

निदान पूर्ण झाल्यावरच हा प्रश्न विचारता येतो. गाइड झिजले आहेत पण चेन शाबूत आहे, अशा टप्प्यावर केलेले काम सहसा परवडते, कारण बाकी इंजिन ठणठणीत असते. चेन तुटल्यानंतर बहुतेक जण वापरलेले इंजिन शोधू लागतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीतील मायापुरी यांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथून येणाऱ्या इंजिनाचा इतिहास कोणाला ठाऊक नसतो, त्यामुळे ते गाडीत बसवण्यापूर्वी, बाहेर असतानाच, त्याची चेन आणि गाइड बदलून घेणे शहाणपणाचे. मजुरी एकदाच लागते. पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन तर नाही ना, यासाठी प्लग किंवा इंजेक्टर काढून आत कॅमेरा घालून गंज पाहता येतो.

बदललेल्या इंजिनाची पावती जपून ठेवावी आणि नवा इंजिन क्रमांक आरटीओत नोंदवून आरसी बुकवर आणावा. तो जुनाच राहिला, तर पुढे अपघाताचा विमा दावा करताना सर्व्हेअर पहिल्यांदा बोट ठेवतो ते त्याच आकड्यावर.