फाटलेल्या आवाजाची दुरुस्ती

मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकताना एक गोष्ट पुष्कळदा लक्षात येते. गायक मध्य सप्तकात असतो तोवर आवाज स्वच्छ येतो. तो तार षड्जावर पोचला, की आवाज एकदम खरखरीत होतो. ‘आवाज फाटला’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात गायकाचा गळा ठीक असतो. फाटलेले असते ते ध्वनिमुद्रण. स्टुडिओत असे झाले तर गाणे पुन्हा म्हणवून घेता येते. मैफल मात्र पुन्हा होत नाही. असे ध्वनिमुद्रण दुरुस्त करता येईल का, आणि केल्यास त्यावर किती विश्वास ठेवावा, या दोन प्रश्नांचा विचार आपण या लेखात करणार आहोत.

लाटेचा माथा कसा छाटला जातो?

मायक्रोफोन हवेच्या दाबातील चढउतारांचे रूपांतर विद्युतदाबाच्या चढउतारांत करतो. हा दाब फार थोडा असतो, म्हणून प्रवर्धक तो वाढवतो. पण प्रवर्धकाला जेवढ्या दाबाचा वीजपुरवठा असेल, त्यापलीकडे तो जाऊ शकत नाही. पुरवठा अधिक-उणे ९ व्होल्टचा असेल आणि लाटेला १२ व्होल्टपर्यंत चढायचे असेल, तर ती ९ च्या आसपास अडते. तिचा गोलसर माथा सपाट होतो.

अंकीय ध्वनिमुद्रणातही हेच घडते. सीडीच्या पद्धतीत लाटेची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप १६ द्विमान अंकांत लिहितात. त्यामुळे उपलब्ध आकडे –३२,७६८ ते +३२,७६७ एवढेच. खरी उंची ४०,००० असली तरी नोंद ३२,७६७ चीच होते. नंतर आवाज कमी करून ऐकले तरी उपयोग नाही. छाटलेली लाट लहान होते, पण माथा सपाटच राहतो.

सपाट माथा कानाला का खुपतो? फुरिएच्या सिद्धांतानुसार कोणतीही आवर्ती लाट साध्या ज्या-लाटांची बेरीज म्हणून मांडता येते. ३०० हर्ट्झची शुद्ध ज्या-लाट वरून आणि खालून सारखीच छाटली, तर तीत ९००, १५००, २१०० हर्ट्झचे विषम पटींतील उपस्वर नव्याने मिसळतात. दोन स्वर एकत्र असले तर अधिकच गोंधळ होतो. ३०० आणि ४०० हर्ट्झ एकत्र छाटले गेले, की २०० आणि ५०० हर्ट्झचे स्वरही उमटतात, जे कोणीही गायलेले किंवा वाजवलेले नसतात. गायकाच्या आवाजाबरोबर तानपुरा, हार्मोनियम आणि तबला असे सारेच एका मायक्रोफोनमधून आले, तर या अनाहूत स्वरांची गर्दी होते. तीच आपल्याला खरखर म्हणून ऐकू येते.

एक गोष्ट मात्र सहसा वाचते. माथा छाटला तरी लाट ठरावीक काळाने पुन्हा येतच राहते. त्यामुळे स्वर ओळखता येतो. बिघडतो तो आवाजाचा पोत आणि शब्दांचा उच्चार.

गोंगाट वेगळा, छाटणी वेगळी

ध्वनिमुद्रणातील सर्व दोष एका जातीचे नसतात. लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर बीटल्स या इंग्रज गायक-वादकांचे १९६४ आणि १९६५ साली कार्यक्रम झाले. ते तीन पट्ट्यांच्या ध्वनिफितीवर मुद्रित केले होते. पण श्रोत्यांच्या किंकाळ्यांत गाणे बुडून गेले होते. जॉर्ज मार्टिन यांनी त्यातून १९७७ साली तबकडी तयार केली. पुढे ॲबी रोड स्टुडिओत विकसित केलेल्या संगणकीय पद्धतीने किंकाळ्या आणि संगीत बऱ्याच प्रमाणात वेगळे करता आले आणि २०१६ साली जाइल्स मार्टिन यांनी नवी आवृत्ती सिद्ध केली.

येथे मूळ गाण्यात दुसरे काहीतरी मिसळले होते. काम होते ते वेगळे काढण्याचे. छाटणीत उलट घडते. लाटेचा भाग नाहीसाच झालेला असतो. तो काढायचा नसून शोधायचा असतो.

वर्गात करण्याजोगे उदाहरण

हरवलेले कसे शोधायचे? यासाठी कागद-पेन्सिल पुरे. १०० आयामाच्या ज्या-लाटेची दर २० अंशांनी उंची मोजली, तर पूर्णांकांत हे आकडे मिळतात:

०, ३४, ६४, ८७, ९८, ९८, ८७, ६४, ३४, ०

आता ७० ही कमाल मर्यादा माना. नोंद अशी होईल:

०, ३४, ६४, ७०, ७०, ७०, ७०, ६४, ३४, ०

विद्यार्थ्यांना दुसरी ओळच द्यावी. चार वेळा आलेले ७० हे संशयास्पद आकडे, बाकीचे विश्वासार्ह. त्रिकोणमितीवरून आपल्याला माहीत आहे, की ज्या-लाटेवरील कोणत्याही आकड्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज ही त्या आकड्याच्या ठरावीक पटीत असते. ही पट चांगल्या आकड्यांवरून काढू. ३४ चे शेजारी ० आणि ६४, बेरीज ६४. तिला ३४ ने भागले, की १.८८ येतात. (२० अंशांच्या कोज्येची दुप्पट १.८७९ आहे.)

आता पुढचा आकडा = १.८८ × चालू आकडा – मागचा आकडा. ६४ च्या पुढे १.८८ × ६४ – ३४, म्हणजे ८६. त्यापुढे १.८८ × ८६ – ६४, म्हणजे ९८. याच रीतीने पुढे ९८ आणि ८६. त्यानंतर ६४ येतात आणि मग ३४; हे तर नोंदीत शाबूत असलेलेच आकडे! म्हणजे पूल दुसऱ्या काठाला बरोबर टेकला. खऱ्या ८७ ऐवजी ८६ आले, एवढाच फरक. शिवाय शोधलेले चारही आकडे ७० पेक्षा मोठे आहेत. ते तसे असलेच पाहिजेत, कारण त्याखेरीज छाटणी झालीच नसती. दुरुस्तीच्या कामात ही अट फार उपयोगी पडते.

गायकाचा आवाज एकाच ज्या-लाटेचा नसतो. पण साधारण २० सहस्रांश सेकंदांचा तुकडा घेतला, तर तेवढ्या वेळात तो फारसा बदलत नाही. अशा तुकड्यात ८८२ नमुने येतात. त्यातील शाबूत नमुन्यांवरून एका पटीऐवजी काही डझन पटींचा नियम संगणक काढतो, त्यावरून हरवलेले नमुने भरतो, भरलेल्या नमुन्यांसह नियम पुन्हा तपासतो आणि हे चक्र उत्तर स्थिरावेपर्यंत चालू ठेवतो. फिलिप्स कंपनीच्या यान्सेन, फेल्डहाइस आणि व्रीस या संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. दुरुस्तीपूर्वी सबंध ध्वनिमुद्रणाची पातळी खाली आणावी लागते, नाहीतर नव्या माथ्यांना जागाच उरत नाही.

दुरुस्ती कोठे थांबते?

छाटलेला भाग थोडा आणि काठ शाबूत असतील, तर निकाल चांगला येतो. लाटेचा बहुतेक भागच सपाट झाला असेल, तर नियम शोधायला आधार उरत नाही. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. सभागृहातील ध्वनिवर्धकाच्या प्रवर्धकातच आवाज फाटला आणि तो श्रोत्यांतील कोणी मुद्रित केला, तर भिंतींवरील परावर्तनांमुळे सपाट माथे पुन्हा वेडेवाकडे होतात. मग कोणते नमुने खरे आणि कोणते छाटलेले, हेच कळत नाही. एमपी-३ स्वरूपात साठवलेल्या ध्वनिमुद्रणातही हा धोका असतो.

अलीकडे असंख्य स्वच्छ ध्वनिमुद्रणांवर ‘शिकवलेले’ संगणकीय कार्यक्रम अशा जागाही भरून काढतात. ऐकायला ते सुखद असते. परंतु तो कार्यक्रम सांगतो ते ‘अशा ठिकाणी आवाज बहुधा कसा असतो’ हे; त्या संध्याकाळी त्या गायकाने नेमके काय केले, हे नव्हे. रसिकाला हा फरक कदाचित जाणवणार नाही. पण आपली गायकी ध्वनिमुद्रणांवरूनही शिकली जाते. एखाद्या गमकाचा कण किंवा स्वराचा लगाव त्यातून टिपणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने संगणकाची कल्पना आणि गुरूची जागा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून आमच्या मते दोन नियम पाळावेत: मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नये, आणि दुरुस्त प्रतीबरोबर कोठे काय भरले याची नोंद ठेवावी.

यापेक्षा सोपा उपाय आधी करायचा असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे ध्वनिमुद्रण करताना गायकाला सर्वांत उंच आणि जोरकस ओळ आधी म्हणायला सांगावी आणि दर्शकावरील आकडा कमालपेक्षा १२ डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवावी. याचा अर्थ लाटेची उंची मर्यादेच्या चौथा हिस्सा. एका द्विमान अंकामागे ६ डेसिबल धरले, तर १६ पैकी केवळ २ अंक यात खर्ची पडतात. तेवढी जागा मोकळी ठेवली, की उत्साहाच्या भरात वर गेलेला सूरही अखंड उतरतो.