३२ इंची नवरीसाठी स्थळ पाहिजे!

मिनिएचर हॉर्सची पैदास म्हणजे दोन क्यूट घोडे एका कुरणात सोडायचे आणि अकरा महिने वाट बघायची, असं वाटत असेल तर थांबा. इथे पत्रिका बघावीच लागते. फक्त ती ज्योतिषी नाही, लॅब बघते.

वय ६ वर्षं. उंची ३२ इंच. रंग क्रीम, आयाळ पांढरीशुभ्र, झुलपं थेट डोळ्यांवर. स्वभाव शांत, खाण्याची भारी आवड. अनुरूप स्थळ हवे.

ही कुठल्या वधू-वर सूचक मंडळातली जाहिरात नाही. हा माझ्या मैत्रिणीच्या घोडीचा बायोडेटा आहे. मैत्रीण मूळची साताऱ्याची, सॉफ्टवेअरवाली, सध्या मुक्काम टेक्सास. शहराबाहेर ऐसपैस जागा घेतल्यावर नवऱ्याला वाटलं, आता ही कुत्रा आणणार. हिने आणली बर्फी! बर्फी म्हणजे मिनिएचर हॉर्स. पूर्ण वाढ झालेली घोडी, पण उंची आपल्या डायनिंग टेबलापेक्षा जेमतेम दोन इंच जास्त.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "अगं, बर्फीला बाळ हवंय."

"तिला हवंय की तुला?"

दोन सेकंद शांतता. मग प्रामाणिक उत्तर, "मला. तू रिसर्च करतेस ना, मग जरा मदत कर."

झालं! मी पुण्यात, ती टेक्सासमध्ये आणि आमच्यामध्ये एक एक्सेल शीट. त्यात अकरा उमेदवार घोडे.

इंचाइंचाचा मामला

पहिला कॉलम अर्थातच उंचीचा. 'अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन' ही संस्था १९७८ साली सुरू झाली. तिच्या नियमानुसार घोडा ३४ इंचांपेक्षा उंच नको. इतर घोड्यांची उंची खांद्यावरच्या उंचवट्यापाशी मोजतात, इथे मात्र आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथे पट्टी लागते. दुसऱ्या एका रजिस्ट्रीत ३४ ते ३८ इंचांसाठी वेगळा गट आहे. थोडक्यात काय, तर स्थळ कुठल्या रजिस्ट्रीतलं आहे हे आधीच बघायचं. नाहीतर बाळाच्या कागदपत्रांचा घोळ पक्का.

आता या दुनियेत 'जितका छोटा तितका भारी' असाही एक ट्रेंड आहे. मैत्रिणीचा जीवही सुरुवातीला एका २८ इंची देखण्या घोड्यावर जडला होता. तिचा हिशोब सोपा, बाप छोटा तर बाळ छोटं आणि बर्फीला त्रास कमी.

पण निसर्गाचा हिशोब वेगळाच निघाला. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी धिप्पाड शायर घोडे आणि चिमुकले शेटलंड पोनी यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शेटलंड आईच्या पोटी आलेलं शिंगरू जन्मताना छोटंच होतं, बाप शायर असूनही! म्हणजे जन्माच्या वेळचा आकार मुख्यतः आई ठरवते. बाप किती इंची यापेक्षा आईच्या पोटात जागा किती, हा प्रश्न मोठा. शिवाय मिनिएचर शिंगरांचं कपाळ फुगीर असतं, डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. त्यामुळे या घोड्या विताना अडण्याचं प्रमाण मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त आहे.

२८ इंचवाला गेला. शीटमध्ये नवे कॉलम आले. पाय सरळ आहेत का? वरचे-खालचे दात नीट जुळतात का? गुडघ्याची वाटी सरकते का? स्वभाव कसा?

पत्रिकेत दोष

मग आला खरा कॉलम, जीन्सचा.

२००६ मध्ये गिनेस बुकात जगातली सर्वांत छोटी घोडी म्हणून झळकलेली थंबेलिना आठवते? मिसुरीतली, साडेसतरा इंचांची? आपण सगळ्यांनी तिचे फोटो 'सो क्यूट' म्हणत एकमेकांना पाठवले. थंबेलिनाला ड्वार्फिझम होता. २०१८ मध्ये ती गेली. तिचं आयुष्य बऱ्यापैकी लांबलं, पण ड्वार्फ शिंगरांपैकी अनेकांचे पाय वाकडे असतात, जबडा जुळत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो. काही तर पोटातच जातात.

त्याच २०१८ साली केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी मिनिएचर घोड्यांच्या एकाच जीनमधले चार बदल जाहीर केले. जीनचं नाव एसीएएन. यातला एक बदल अंगात असेल तर घोडा ठणठणीत दिसतो, तो फक्त 'कॅरियर'. पण आई आणि बाप दोघंही कॅरियर निघाले तर दर गर्भधारणेला चारात एक शक्यता, की दोष दोन्हीकडून येणार. टेस्टसाठी लागतं काय? आयाळीचे मुळासकट उपटलेले थोडे केस. बास!

बर्फीचे केस लॅबमध्ये गेले. रिपोर्ट आला. बर्फी कॅरियर.

तोपर्यंत आमच्या शीटमध्ये एक हिरो नंबर वन होता. चांदीसारखी आयाळ, शोमध्ये बक्षिसं, मालकही सज्जन. त्यांचं म्हणणं, "माझ्याकडे आजवर एकही ड्वार्फ जन्मलेला नाही." ते खोटं बोलत नव्हते. समोरच्या घोड्या कॅरियर नसतील तर दोष दिसणारच नाही. मैत्रिणीने नम्रपणे टेस्टचा आग्रह धरला, पैसेही आपणच भरले. हिरोसुद्धा कॅरियर निघाला.

"चारातले तीन चान्स चांगले आहेत ना?" ती मला फोनवर म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नाही गं. चौथ्याला मी काय सांगू?"

रंगाच्या हौसेलाही अशाच मेख आहेत. ती चंदेरी छटा देणारा सिल्व्हर जीन डोळ्यांच्या दोषांशी जोडलेला आहे. 'फ्रेम' नावाचे पांढरे पट्टे असलेले जीन्स दोन्हीकडून आले, तर शिंगरू जवळजवळ पांढरं जन्मतं, त्याचं आतडं चालत नाही आणि ते थोड्याच दिवसांत दगावतं. म्हणून रंगाचा कॉलम आम्ही पार शेवटी टाकला.

गॅरंटी कोणाची?

अकरातून उरला एक. ७ वर्षांचा, ३३ इंची, साधा तपकिरी. ग्लॅमर शून्य, रिपोर्ट स्वच्छ. ड्वार्फ शिंगरू होण्याची ती भीती गेली. शिंगरू बर्फीसारखं कॅरियर निघण्याची शक्यता मात्र निम्मी राहतेच, म्हणजे त्याचीही टेस्ट आलीच.

मग करार आला. त्यात स्टड फी, घोडीच्या तपासण्या आणि 'लाइव्ह फोल गॅरंटी' होती. म्हणजे शिंगरू जन्मून उभं राहून दूध प्यायलं नाही, तर पुढच्या वेळी फी माफ. आणि खाली एक छोटं कलम. घोडी दगावल्यास मालकाला तिच्या जागी दुसरी घोडी आणता येईल.

असं कलम अशा करारांत सर्रास असतं. मैत्रीण मात्र तिथेच अडकली. "गॅरंटी बाळाची आहे. बर्फीची नाहीये."

व्हेटनेही काही लपवलं नाही. बाळंतपण अडलं तर हातात मिनिटं असतात, तास नाही. गाभण मिनीने खाणं सोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, लिव्हर धोक्यात येतं. आणि सगळं सुरळीत झालं तरी पुढे २५-३० वर्षांची जबाबदारी. नवऱ्याने विचारलं, "नर झाला तर?" उत्तर ठरलं, नर झाला तर खच्ची करायचा, पण विकायचं कोणालाच नाही.

करार अजून सहीविना पडून आहे. वसंतात व्हेट बर्फीची पूर्ण तपासणी करणार. त्यांनी हिरवा कंदील दिला तर एप्रिलमध्ये मुहूर्त आणि पुढच्या मार्चमध्ये पाळणा. त्यांनी मान हलवली, तर बर्फी कायमची सिंगल. गाजरं तिला तशीही मिळणारच आहेत.

बाळंतपणाचा १-२-३ फंडा

- शिंगरू १ तासात उभं राहायला हवं, २ तासांत दूध प्यायला हवं आणि ३ तासांच्या आत वार पडायला हवी.
- जोराच्या कळा सुरू झाल्यावर २०-३० मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. प्रगती दिसत नसेल तर ताबडतोब व्हेट.
- आधी लाल मखमली पिशवी दिसली तर वार वेळेआधी सुटली आहे. ती लगेच फाडून शिंगराला श्वास मिळवून द्यावा लागतो.
- पहिल्या दिवशी चीक पोटात जायलाच हवा. आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळते ती त्यातूनच.
- व्हेट निवडताना आधी एक विचारा, मिनी घोड्यांची सवय आहे का? घोडी इतकी लहान असते की तपासणीला व्हेटचा हात छोटा असणं हीसुद्धा पात्रता ठरते!