ठिपक्याची जागा

वऱ्हाडात नेमाचा विषय निघाला की आधी धनुष्य आठवते. मे २०२३मध्ये शांघायच्या विश्वचषकात बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्णविजेत्या कंपाउंड संघात होता. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी हे या मातीचे जुने खेळ. पिस्तूल त्या मानाने परके. पण २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलीत पदके मिळवली, आणि घरोघरी नेमबाजीची चर्चा सुरू झाली. मोबाइलवर परदेशी स्पर्धा पाहणाऱ्या पोरांचा एक प्रश्न तर ठरलेलाच असतो: पिस्तुलावर तो लाल ठिपक्याचा रेड डॉट बसवायचा, तर नेमका कुठे?

आधी नियम

अकोला-अमरावतीच्या नेमबाजाला राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय आणि पुढे ऑलिंपिककडे जायचे असेल, तर उत्तर दोन शब्दांचे आहे: कुठेही नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी साइट चालते. दुर्बीण, आरसा, लेसर, विजेवर उमटणारा ठिपका, सगळ्यांना मनाई आहे. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात राही सरनोबतने सुवर्ण जिंकले, ते मागची खाच आणि पुढचा खुंट जुळवूनच.

रेड डॉट शोभतो तो धावत-फिरत गोळ्या झाडण्याच्या प्रॅक्टिकल प्रकारात आणि अमेरिकेतल्या काही स्थिर पिस्तूल स्पर्धांत. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५मध्ये विजेवरची पहिली ठिपका-साइट विक्रीला आणली. १९९०मध्ये ॲडलेडला याच प्रॅक्टिकल प्रकाराच्या आयपीएससी जागतिक स्पर्धेत डग केनिगने तशीच साइट लावून विजेतेपद मिळवले आणि जुन्या साइटवाल्यांची पंचाईत झाली. मग विभाग वेगळे करावे लागले. आज अमेरिकेतल्या यूएसपीएसए संघटनेच्या कॅरी ऑप्टिक्स विभागात साइट स्लाइडवरच, म्हणजे गोळीगणिक मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावरच हवी, तीही स्लाइडचे मागचे टोक आणि रिकामे काडतूस बाहेर पडण्याची खिडकी यांच्यामध्ये. ओपन विभागात मात्र ती फ्रेमवर, म्हणजे मुठीच्या स्थिर भागावरही चालते. म्हणजे जागेचा निम्मा निकाल नियमपुस्तकच लावते.

स्लाइड की फ्रेम

उरलेला निम्मा निकाल हाताचा. स्लाइडवरची साइट नळीच्या जवळ, खाली बसते. उघड्या साइटची सवय असलेल्याला ठिपका लवकर सापडतो. पण स्लाइड प्रत्येक गोळीला मागेपुढे आदळते, साइटही तिच्याबरोबर आदळते. ठिपका क्षणभर नजरेआड होतो, काचेला आणि सर्किटला धक्के बसतात, आणि वाढलेल्या वजनामुळे स्लाइडची चाल बदलते, म्हणून कधी स्प्रिंगही बदलावी लागते.

फ्रेमला माउंट लावून बसवलेली साइट स्लाइडबरोबर पळत नाही. पिस्तूल उसळले तरी ठिपका काचेत टिकतो आणि पुढची गोळी लवकर सुटते. त्याची किंमत म्हणजे माउंटचे वजन, स्क्रू सैल होण्याची भीती आणि उंची. ही उंची कागदावर मोजता येते. साइट नळीपेक्षा ४ सेंमी वर असेल आणि २५ मीटरवर झिरो केली असेल, म्हणजे तिथे गोळी बरोबर ठिपक्यावर लागेल अशी जुळवली असेल, तर ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे ३.२ सेंमी खाली लागते. उंची २.५ सेंमी असेल तर २ सेंमी खाली. जवळच्या छोट्या निशाणावर हा फरक गुण घालवतो.

ज्या .२२ पिस्तुलांत वरचा भाग जागचा हलत नाही, तिथे हा वाद बराच मिटतो. प्रश्न उरतो पुढे-मागेचा. साइट पुढे सरकवली तर तोंडाकडे वजन येते, हात स्थिरावतो पण लवकर थकतो, आणि काच डोळ्याला लहान दिसते. मनगटाच्या वर ठेवली तर पिस्तूल चपळ राहते.

नियमांची आणि जागेची ही ओढाताण धनुर्धराला नवी नाही. रिकर्व्हवाल्याला भिंगाची परवानगी नाही, कंपाउंडवाल्याला आहे. साइटची दांडी पुढे काढली की बारीक चूकही ठळक दिसते, आणि हलक्या धनुष्याने ७० मीटर मारताना साइट इतकी खाली न्यावी लागते की बाण तिला घासतो. मग दांडी मागे घ्यावी लागते.

ठिपक्याचा आकार आणि वऱ्हाडचे ऊन

ठिपका कोनाच्या मिनिटांत मोजतात. ६ मिनिटांचा ठिपका २५ मीटरवर सुमारे ४.४ सेंमी झाकतो. तिथल्या प्रिसिजन निशाणाचे दहाचे वर्तुळ ५ सेंमीचे, म्हणजे काम भागते. पण १० मीटरवर तोच ठिपका पावणेदोन सेंमीचा होतो आणि दहाचे वर्तुळ असते अवघे ११.५ मिलिमीटर. दहा दिसतच नाही.

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो. उघड्या रेंजवर मंद ठिपका विरून जातो, म्हणून प्रकाश वाढवावा लागतो. फार वाढवला तर ठिपका फुलून निशाण गिळतो. काचेवर धूळ बसते, ती ओल्या बोटाने पुसली की चरे पडतात. पिस्तूल आणि साइट बंद गाडीत उन्हात ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

मग उपयोग काय?

उघड्या साइटवर दोन टोके जुळवावी लागतात. ३२ सेंमी अंतरावरच्या त्या दोन टोकांत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला, तरी १० मीटरवर तो ३ मिलिमीटरचा होतो. ठिपका ही जुळवाजुळव वाचवतो, नजर निशाणावर राहते. पण हात किती थरथरतो, ट्रिगर दाबताना मनगट कुठे वळते, हेही तो लपवत नाही. म्हणूनच, स्पर्धेत बंदी असली तरी, रिकाम्या पिस्तुलाच्या सरावात तो शिकणाऱ्याला आपली चूक दाखवून देतो. अशा सरावासाठी महागडे माउंट लागत नाही. साइट पक्की बसली, नळीला समांतर असली आणि मनगट न मोडता नजरेसमोर आली की पुरे. स्पर्धेच्या आधी मात्र ती काढून पुन्हा खुंट-खाचेवर यावेच लागते. म्हणून खर्च करायचा तर आधी मापाच्या ग्रिपवर करावा. ती उघड्या साइटलाही उपयोगी पडते आणि नियमपुस्तकाचे माप पाळले तर आडही येत नाही.