राडारोड्यातलं राज्य

चंडीगड हे पट्टी ठेवून आखलेलं शहर. वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात चौकोनी सेक्टर, सरळ रस्ते आणि उघडं काँक्रीट. पण हे शहर उभं राहायच्या आधी तिथली वीसहून अधिक गावं उठवली गेली. पाडलेल्या घरांची कौलं, फुटके माठ, बांगड्यांचे तुकडे, सिंक आणि चुलीतली राख, सगळं ढिगाऱ्यात गेलं. या ढिगाऱ्यांकडे लक्ष गेलं ते सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या एका रोड इन्स्पेक्टरचं.

हे नेकचंद सैनी 1924 साली जन्मले. त्यांचं गाव फाळणीत पाकिस्तानात गेलं. 1951 मध्ये चंडीगडला नोकरी लागली आणि 1957 च्या सुमारास त्यांनी सुखना तलावाजवळच्या झाडीत एक खोपटं बांधलं. ती राखीव वनजमीन, बांधकामाला सक्त मनाई. तिथे ते नोकरी सुटल्यावर सायकलवरून नदीपात्रातले चित्रविचित्र दगड आणि शहराचं भंगार वाहून आणून त्यातून मूर्तींची बाग उभारू लागले. रात्री उजेडासाठी जुने टायर जाळत. स्वतः सरकारी नोकर, जमीन सरकारची आणि परवानगीचा कागद एकही नाही, असं हे काम जवळपास अठरा वर्षं चाललं!

मूर्ती घडवण्याची कृती मात्र गवंडीकामाला शोभेल अशी. सळ्या, पाइप किंवा मोडक्या सायकलींचा सांगाडा करायचा; सायकलचा चिमटा म्हणजे जनावराचे पाय, सीट म्हणजे डोकं. त्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा. तो ओला असतानाच बांगड्या, कपबशांचे तुकडे, भट्टीतली धातूमळी त्यात दाबून बसवायची. भट्टीत जळून वेड्यावाकड्या झालेल्या, एरवी कुणीही न घेणाऱ्या विटांना त्यांच्या वाकडेपणासकट जागा मिळाली.

शाळेतलं 'टाकाऊपासून टिकाऊ' आणि हे, यातला फरक संख्येत आहे. चिनीमातीचा एक फुटका सॉकेट कचराच असतो. तसे शेकडो एका भिंतीत ओळीने बसले की त्यांची नक्षी होते. नेकचंदांच्या बाहुल्याही एकट्यादुकट्या नाहीत, पलटणी आहेत. पाणी भरायला निघालेल्या बायका, वादक, माकडं, मोर, सगळे रांगा धरून उभे. चेहरे ढोबळच आहेत; नाकडोळे रेखीव करायच्या फंदात ते पडले नाहीत आणि ते बरंच झालं. बागेतली दारंही मुद्दाम ठेंगणी ठेवली आहेत. मंत्री असो की हमाल, वाकूनच आत जायचं.

1975 मध्ये हे प्रकरण अधिकाऱ्यांसमोर आलं तेव्हा डझनभर एकर जागा त्याने व्यापली होती. नियमाने बघितलं तर अतिक्रमणच. पण प्रशासनातल्या काही जाणत्यांनी आणि नागरिकांनी ते वाचवलं. 1976 साली 'रॉक गार्डन' लोकांसाठी खुलं झालं. नेकचंदांना पगारी हुद्दा मिळाला आणि हाताखाली पन्नास मजूर. शहरात भंगार गोळा करायची केंद्रं उघडली. मग धबधबे आले, कमानी आणि झोपाळे आले, चिंध्यांच्या माणसाएवढ्या बाहुल्याही आल्या. 1984 मध्ये पद्मश्री, तर 1986 मध्ये वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयासाठी त्यांनी अशीच एक बाग केली.

सरकारी मान्यतेने बाग निर्धास्त झाली, असं मात्र नाही. 1990 च्या सुमारास रस्त्यासाठी तिचा भाग पाडायला बुलडोझर आले, तेव्हा लोक हातात हात घालून आडवे उभे राहिले. 1996 मध्ये नेकचंद परदेशी असताना मूर्तींची मोडतोड झाली. पुढे ब्रिटनमध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने दुरुस्तीसाठी देशोदेशींचे स्वयंसेवक पाठवायला सुरुवात केली. सिमेंटला तडे जातात, बसवलेले तुकडे निखळतात, आणि ते पुन्हा लावायला माणसांचे हात लागतात.

नेकचंद 2015 मध्ये वारले. 2025 च्या सुरुवातीला शेजारच्या उच्च न्यायालयाच्या पार्किंगसाठी रस्ता काढताना बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला. यावेळीही चंडीगडकर निषेधाला जमले, पण भिंत पडलीच.