आंतरराष्ट्रीय व्यापार व पर्यावरण
परदेशी मागणीनुसार पीकपद्धती बदलल्याने मृदा, जल व जीवसृष्टी यांवर होणारे परिणाम या विषयात मोडतात. जिंतूर (जि. परभणी) तालुक्यातील काळ्या जमिनीत कापूस व सोयाबीन ही प्रमुख नगदी पिके होत, त्यांचे भाव जागतिक बाजाराशी निगडित असतात. अशा पिकांमुळे ज्वारीचे क्षेत्र घटले, की कडबा कमी होतो, गुरे घटतात व शेणखताऐवजी रासायनिक खते वापरावी लागतात. बोंडअळीस मारक अशा बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाल्यावर प्रारंभी फवारण्या कमी झाल्या. परंतु सलग लागवडीमुळे गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम बनली व २०१७ मध्ये महाराष्ट्रात पिकाची मोठी हानी झाली. जमिनीचा गेलेला कस व दूषित झालेले पाणी यांचे मूल्य निर्यातभावात धरले जात नाही. ते गावासच सोसावे लागते.