श्वासापुरतं दर्शन

तारकर्ली-देवबागहून सकाळी होड्या सुटतात. कर्ली नदीचं मुख ओलांडलं, की थोड्या वेळाने होडीवाला इंजिन मंद करतो आणि सगळ्यांच्या माना एकदम एकाच बाजूला वळतात. करडी पाठ पाण्यावर येते, तिच्यावरचा पर दिसतो न दिसतो, आणि पाणी पुन्हा कोरं. "दिसला?" "कुठे?" फोन काढेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

डॉल्फिन आपल्याला बघायला वर आला, असं होडीतल्या मंडळींना वाटतं. तो आलेला असतो श्वास घ्यायला. माथ्यावरची एकुलती एक नाकपुडी पाण्याबाहेर आली, की आधी जुनी हवा फुस्सकन बाहेर जाते, लगेच नवी आत येते आणि झडप बंद. हे सारं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं. तेवढ्यात फुप्फुसांतली बहुतेक हवा बदललेली असते. होडीत शांत बसलेल्या आपली एका श्वासात जेमतेम दहा-पंधरा टक्के बदलते. शिवाय आपला श्वास आपोआप चालतो, त्याचा तसा नाही. तो त्याला जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. त्यामुळे डॉल्फिन कधी पुरता झोपतच नाही. मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा राहतो.

कोकणात किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेकदा हंपबॅक डॉल्फिन, मच्छीमारांचा गादा. लांबी साधारण अडीच मीटर. प्रौढाच्या पाठीवर लांबट वशिंड आणि त्या वशिंडावर छोटासा पर. हा उथळ पाण्यातला जीव, किनारा सोडून फार आत जात नाही. म्हणून तो पर्यटकांना सापडतो, आणि म्हणूनच जाळ्यातही सापडतो. जाळी फाडतो, मासे पळवतो ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही; पण आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे, हेही तितकंच खरं.

नशिबाने शेपटी दिसलीच, तर ती नीट बघा. ती आडवी असते. मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, डॉल्फिन वर-खाली. चौखूर उधळलेल्या घोड्याचा कणा जसा वर-खाली वाकतो, तसाच याचा. कारण याचे पूर्वज चार पायांवर चालत होते, आणि तेही आपल्याच उपखंडात! भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात, कालाकोटच्या परिसरात जमवलेल्या दगडांमध्ये मांजराएवढ्या एका खुरवाल्या प्राण्याची हाडं होती. पुढे कवटी साफ करताना कानाचा भाग तुटला आणि आतलं हाड एका बाजूने विलक्षण जाड निघालं. तसा कान फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्या कुळात आढळतो. सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा हा इंडोह्यस, म्हणजे त्या कुळाचा जमिनीवरचा जवळचा नातलग, 2007 मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांनी जगापुढे मांडला. कच्छच्या खडकांत तर पाय असलेल्या देवमाशांचे अवशेष मिळाले आहेत.

एकदा हे कळलं, की होडीतून दिसणाऱ्या बाकीच्या जिवांकडेही निराळ्या नजरेने बघावंसं वाटतं. ऑलिव्ह रिडले कासव डोकं वर काढतं, ते श्वासासाठी. समुद्री साप पृष्ठभागावर येतो, तोही श्वासासाठी. त्याचं फुप्फुस जवळजवळ अंगभर लांब असतं. सगळे जमिनीवरून समुद्रात परतलेले! अस्सल समुद्रवासी मासे खाली कल्ल्यांनी निवांत श्वास घेतात आणि आपल्याला दिसत नाहीत. (बोय पाण्याबाहेर उड्या मारते, तो अपवाद.)

डॉल्फिनला घेरून चार-चार होड्या पळवणं मला पटत नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि हा प्राणी आवाजावरच शिकार शोधतो. इंजिनच्या गोंगाटात त्याची पंचाईत होणारच. इंजिन बंद करून थांबणारा होडीवाला मिळाला, तर दोन पैसे जास्त द्यावेत.

आणि अधूनमधून क्षितिजाकडेही बघावं. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे इतर समुद्रांतल्या भाईबंदांसारखे दरवर्षी ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात, आणि फार थोडे उरलेत. ओमानजवळ उपग्रह-यंत्र लावलेली लुबान नावाची मादी 2017 च्या डिसेंबरात अख्खा अरबी समुद्र ओलांडून थेट गोव्याच्या किनाऱ्याकडे आली होती. तिचा फवारा डॉल्फिनसारखा निसटता नसतो. तो लांबूनही दिसतो.